रागावले... कुणावर? कुणाशी?

‘एस्तोय एन्फादादा...’ एवढं फळ्यावर लिहून बाईंनी खडू माझ्या दिशेने रोखला. जयनगरमधला शनिवार सकाळचा क्लास, पंधरा-सोळा विद्यार्थी, आणि त्यात डोक्यावर पांढरे केस असलेली मी एकटी. बाकीची सगळी संगणकावर काम करणारी मुलं-मुली. मला सगळे ‘आंटी’ म्हणत. वाक्याचा अर्थ होता, ‘मी रागावले आहे’. आता पुढे ‘माझ्या मुलीवर’ हे जोडायचं होतं. ‘मुलगी’ला इखा म्हणतात हे मला येत होतं. ‘वर’ला सोब्रे म्हणतात हेही येत होतं. मी मोठ्या विश्वासाने वाक्य पूर्ण केलं, ‘एस्तोय एन्फादादा सोब्रे मी इखा’.

बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, ‘‘आंटी, तुम्ही मुलीच्या डोक्यावर बसून रागावलात! सोब्रे म्हणजे टेबलावर, कपाटावर. माणसावरचा राग इथे ‘वर’ नसतो. कॉन म्हणायचं. कॉन मी इखा.’’

कॉन म्हणजे ‘बरोबर’, ‘शी’, ‘सह’. मुलीबरोबर रागावले? म्हणजे आम्ही दोघी मिळून तिसऱ्या कुणावर तरी रागावलो की काय? माझ्या शेजारचा मंड्याचा मुलगाही गोंधळला होता, कारण कन्नडमध्येही राग ‘मेले’ म्हणजे ‘वर’च असतो. नन्न मेले सिट्टु, माझ्यावर राग. मराठी आणि कन्नड या बाबतीत एकमेकींच्या सख्ख्या शेजारणी.

तुम्ही म्हणाल, या वयात ही स्पॅनिश शिकायची हौस कशाला? हौस नव्हती हो. गरज होती. आणि ते पहिलं वाक्य बाईंनी फळ्यावर सहज लिहिलं असलं, तरी माझ्या बाबतीत ते अगदी खरं होऊन गेलेलं होतं.

मी मूळची मिरजेची. १९८९ साली लग्न होऊन बंगलोरला आले. (तेव्हा ते बंगलोरच होतं, बेंगळुरू हे नाव अधिकृत झालं २०१४ साली.) ह्यांची कारखान्यात नोकरी, बसवनगुडीत भाड्याचं घर. कन्नड मी शेजारच्या मामींकडून त्यांच्या जोत्यावर बसून शिकले. फार जड गेलं नाही, कारण शब्द वेगळे असले तरी वाक्याचा सांगाडा आपलाच. ‘मला भूक लागली’, ‘मला माहीत आहे’ यातला ‘मला’ काढून ‘ननगे’ ठेवला की बहुतेक काम भागायचं. शब्द ज्याच्यामागे चिकटायचा त्याच्याचमागे चिकटायचा.

आमची एकुलती एक लेक २०१४ साली शिकायला स्पेनला गेली, सालामांका नावाच्या गावी. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं. म्हणजे आपल्याकडे देवगिरीचे यादव राज्य करत होते तेव्हापासूनचं! आम्ही कोण कौतुक केलं. दोन वर्षांनी तिने फोनवर सांगितलं, मी इथल्याच एका मुलाशी लग्न करणार आहे. कौतुक तिथेच संपलं.

आता मागे वळून पाहताना माझ्या रागाचं मलाच नवल वाटतं. मुलगा चांगला होता, शाळेत शिक्षक होता, हे सगळं मला कळत होतं. पण मला विचारलं नाही हा काटा निघेना. मी तिच्याशी बोलणं बंद केलं. २०१७ साली त्यांचं लग्न झालं, ते सालामांकाच्या नगरपालिकेत. मी गेले नाही. हे एकटेच गेले. येताना विहीणबाईंनी माझ्यासाठी दिलेली एक छोटीशी लाल डबी घेऊन आले. पिमेन्तोन, म्हणजे त्यांच्याकडचं लाल तिखट. ओकच्या लाकडाच्या धुरावर मिरच्या वाळवून करतात. मी ती डबी न उघडता फडताळात मागे सारली. इतकी मागे, की पुढे हरभऱ्याच्या डाळीचा डबा ठेवला.

२०१९ च्या दिवाळीआधी लेकीचा फोन आला, तिला दिवस गेले होते. ‘‘कितवा?’’ एवढंच मी विचारलं आणि दोन वर्षांचा अबोला तिथे मोडला. एप्रिल २०२० ची तिकिटं काढली. डिंक, खारीक, सुकं खोबरं, सगळं आणून ठेवलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मार्चच्या मध्याला स्पेनमध्ये टाळेबंदी झाली, त्यानंतर आठवडाभरातच आपल्याकडे परदेशी विमानं बंद झाली. नातू मे महिन्यात झाला. मी बसवनगुडीत, डिंकाच्या पुडीकडे बघत.

त्या दिवसांत माझ्या लेकीचं बाळंतपण केलं ते विहीणबाईंनी. टाळेबंदीआधीच त्या आपलं घर बंद करून लेकीकडे राहायला आल्या होत्या. मसुरीची आमटी करून घालत होत्या, बाळाला न्हाऊ घालत होत्या. आणि रोज संध्याकाळी, म्हणजे आमच्या रात्री, लेक झोपली असली तरी त्या स्वतः फोन लावून बाळाचं तोंड मला दाखवत. बाळ दाखवून झालं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसायचो. त्यांना इंग्रजी येत नाही, मला त्यांची भाषा येत नव्हती. मला एकच शब्द येत होता, ग्रासियास. धन्यवाद. तो मी रोज म्हणायचे. पेपर टाकणाऱ्या मुलालाही आपण धन्यवाद म्हणतो. ज्या बाईने माझ्या जागी उभं राहून माझ्या मुलीचं केलं, तिला काय तेवढंच म्हणायचं?

म्हणून २०२२ मध्ये, क्लास पुन्हा भरू लागले तेव्हा नाव घातलं.

सुरुवातीला गाडी झकास चालली. स्पॅनिशमध्ये ‘मला आवडतं’ला मे गुस्ता म्हणतात, त्यातला मे म्हणजे चक्क आपला ‘मला’. इंग्रजीत ‘मी आवडतो’ छापाची रचना, इथे मात्र आपल्यासारखीच. वर्गातली सगळी मराठी-कन्नड मंडळी खूष. विशेषणाला लिंगही आहे. दमलेला पुरुष कान्सादो, दमलेली बाई कान्सादा. कन्नड मुलांना हे जड गेलं, त्यांच्या विशेषणाला लिंग-वचनाची कटकट नाही. मला वाटलं, आपण तर ‘दमलेला-दमलेली’ म्हणतच मोठे झालो. पण तिथेच पाय घसरला! आपल्याकडे शेवटी ‘आ’ आला की पुरुष. त्यांच्याकडे ‘आ’ आला की बाई. माझ्या कानाला कान्सादा हा दमलेला बाप्याच वाटायचा. महिनाभर मी वर्गात स्वतःला पुरुष करून बोलत होते.

खरी परीक्षा सुरू झाली ती विशेषणांच्या मागून येणाऱ्या त्या चिमुकल्या शब्दांची. आ, दे, कॉन, पोर, पारा. आपण हे प्रत्यय नाहीतर शब्दयोगी अव्यय म्हणून नामाच्या शेपटाला लावतो, मुलीला, मुलीशी, मुलीसाठी. ते नामाच्या पुढ्यात ठेवतात. तेवढ्याने बिघडत नाही. बिघडतं ते हे, की कोणत्या विशेषणाला कोणता शब्द हे त्या विशेषणाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तुमचं-आमचं काही चालत नाही. काळजीत असलेली बाई प्रेओकुपादा, तिला पोर लागतो. अभिमान वाटणारी ओर्गुयोसा, तिला दे, म्हणजे ‘चा-ची-चे’. इथे मराठी जुळलं, आपणही मुलीचा अभिमान धरतो. कशाने तरी भरलेलं भांडं मात्र त्यांच्याकडे पाण्याने भरत नाही, पाण्याचं भरतं, येनो दे. लग्न झालेली कासादा, तिला कॉन. आपलंही लग्न ‘शी’च लागतं, याच्याशी, त्याच्याशी. इंग्रजीत तेच ‘ला’ लागतं बघा.

मी बाईंना विचारलं, ‘‘याला काही नियम?’’ बाई म्हणाल्या, ‘‘थोडासा आहे. पण त्याच्या भरवशावर राहू नका. जोडीने पाठ करा. एन्फादादा असं सुटं लिहूच नका, एन्फादादा कॉन असं लिहा. दोघांचं लग्न झालंय समजा.’’

घरी येऊन मी हे ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, ‘‘अगं, हे तर आपण शाळेत केलंय! उपपद विभक्ती!’’ आणि खरंच की. आठवतंय ना तुम्हाला? संस्कृतच्या सरांनी घोकून घेतलेलं, सह आला की तृतीया, नमः आला की चतुर्थी. तिथेही रागाची गंमत होतीच. संस्कृतात रागवायचं असेल तर ज्याच्यावर रागवायचं त्याची चतुर्थी करावी लागते, म्हणजे बाप मुलावर नाही, मुला‘ला’ रागावतो. आणि भ्यायचं असेल तर चोराची पंचमी, चोरापासून भ्यायचं. पाणिनीने अष्टाध्यायीत रागासाठी एक सूत्र आणि भीतीसाठी दुसरं अशी सोय करून ठेवली आहे. म्हणजे हा प्रश्न अडीच हजार वर्षांच्या घरातला म्हणायचा. स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण १४९२ साली, कोलंबस निघाला त्याच वर्षी, नेब्रिहा नावाच्या पंडिताने काढलं. आणि ते कुठे छापलं असेल? सालामांकात! लेकीच्या गावात. तिकडच्या लोकांनाही आपल्या प्रत्ययांनी कमी छळलं नसणार म्हणा. ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स गोव्यात आले, त्यांनी आपल्या कोकणीचं व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली रायतूरला छापलं गेलं. कोकणीच्या विभक्त्या समजून घेताना त्या माणसाचं काय झालं असेल, हे मला आता कळतं.

मी वहीतली पानं फाडून फ्रिजवर जोड्या चिकटवल्या. ह्यांचाही उत्साह वाढला. पोळी गार असली की कान्सादो दे म्हणायचे, ‘कंटाळलो’. मी म्हणायचे, ‘‘कशाला कंटाळलात ते नाव घ्या पुढे, दे लोंबकळतोय!’’ आपण कामाला कंटाळतो, ते कामाचे कंटाळतात.

एक शनिवार तर मला वर्गात टाळ्या मिळाल्या. बाईंनी दोन वाक्यं लिहिली होती. ‘हा पदार्थ करायला सोपा आहे’ यात फासिल दे आसेर, दे हवा. आणि ‘हा पदार्थ करणं सोपं आहे’ यात एस फासिल आसेर, दे नको. फरक कुणालाच समजेना. एकच तर अर्थ! मी म्हटलं, बाई, आमच्यात पुरणपोळी असते. ‘पुरणपोळी करायला सोपी’ म्हटलं तर सोपी कोण? पोळी. म्हणून ‘सोपी’. ‘पुरणपोळी करणं सोपं’ म्हटलं तर सोपं काय? करणं. म्हणून ‘सोपं’. पहिल्या वाक्यात ‘करायला’तला ‘ला’ आहे, तिथे तुमचा दे. दुसऱ्यात नाही, तिथे तुमचाही नाही. बाईंनी ते तीनदा म्हणवून घेतलं आणि आपल्या वहीत उतरवून घेतलं. उभ्या जन्मात पुरणपोळीने मला एवढा मान दिला नव्हता. (ती करायला सोपी नसते हे मी तेव्हा सांगितलं नाही.)

मग एकदा आमच्या घरातलाच तो जुना शब्द समोर आला. रात्री फ्रिजवरच्या चिठ्ठ्या बघत उभी होते. एन्फादादा कॉन. रागावले, शी. आपल्याकडे राग ‘वर’ असतो हे खरं. ‘आई माझ्यावर रागावली’ आणि ‘आई मला रागावली’ यातही फरक आहे. ‘ला’ आला की नुसती बोलणी बसली, संध्याकाळी विसरलं जाणार. ‘वर’ आला की प्रकरण लांबणार. पण अबोला? अबोला आपण कुणा‘वर’ धरत नाही. तिच्याशी अबोला. तिच्याशी भांडण. तिच्याशी बोलणं बंद. बोलतच नाही तर तो ‘शी’ काय करतोय तिथे? दोन वर्षं मी तिच्या‘शी’ बोलत नव्हते. रोज सकाळी उठून, दूध तापवताना, भाजी निवडताना, तिच्याशीच बोलत नव्हते. दुसऱ्या कुणाशी इतकं बारकाईने मी कधी गप्प बसले नसेन.

दुसऱ्या दिवशी फडताळातला डाळीचा डबा पुढे ओढला आणि ती लाल डबी बाहेर काढली. पाच वर्षं झाली होती, तरी झाकण उघडताच चुलीचा वास आला. मिरजेच्या आमच्या स्वयंपाकघराचा. पिठल्यावर घातलं. बरं लागलं.

जानेवारी २०२४ मध्ये लेक, जावई, साडेतीन वर्षांचा नातू आणि विहीणबाई असे सगळे बंगलोरला आले. मी दोन महिने आधीपासून एकच वाक्य घोटत होते. ऋणी, आभारी असलेल्या बाईला त्यांच्याकडे आग्रादेसीदा म्हणतात. या शब्दाचा थाट निराळा. त्याला एक सोडून दोन जोडीदार लागतात. ज्या माणसाचे आभार त्याला आ, ज्या गोष्टीबद्दल आभार तिला पोर. मी पहिल्यांदा दे लावला होता, आपण ‘तुमची आभारी’ म्हणतो ना, तसा. बाईंनी लाल शाईने खोडला. ‘तुमची’ नाही, ‘तुम्हाला’. मला ते जरा कोरडं वाटलं. आपण आभारी होतो म्हणजे त्या माणसाचेच होऊन जातो, ‘तुमची ऋणी’. त्यांच्यात बाई स्वतःची राहून आभार मानते. मराठीचा ‘ची’ मला आजही जास्त आवडतो, पण परीक्षा त्यांच्या भाषेत होती.

लालबागेत प्रजासत्ताक दिनाचं फुलांचं प्रदर्शन चालू होतं, तिथे नेलं. ‘माणसांचं भरलेलं!’ असं विहीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, येनो दे, आणि मला ते भाषांतराशिवाय कळलं म्हणून मी भर गर्दीत एकटीच हसले. गांधी बाजारात त्यांनी मोगऱ्याचा गजरा घेतला आणि फिल्टर कॉफी तीन वेळा प्यायली. बंगलोरच्या थंडीत मी शाल घेऊन फिरत होते, त्या बिनबाह्यांच्या झग्यात. आकोस्तुम्ब्रादा आल फ्रीओ, थंडीला सरावलेली. इथे त्यांचा आ आणि आपला ‘ला’ अगदी एकमेकांवर बसतात.

निघायच्या आदल्या दिवशी पुरणपोळीचा बेत केला. पुरण वाटून झालं होतं. विहीणबाई ओट्यापाशी उभ्या राहून बघत होत्या. हरभऱ्याची डाळ म्हणजे त्यांच्याच गार्बान्सोची धाकटी बहीण, हे लेकीने त्यांना सांगून ठेवलं होतं. आता बोलावं असं मला वाटलं. हात पिठाचे होते, ते पुसायचंही सुचलं नाही. मी म्हटलं, ‘‘ले एस्तोय मुय आग्रादेसीदा पोर...’’ आणि पोरच्या पुढे काय म्हणायचं ठरवलं होतं ते सगळं गेलं. बाळंतपण, टाळेबंदी, रोजचे फोन, मसुरीची आमटी, शिवाय न गेलेलं ते लग्न, एवढं सगळं त्या एका पोरच्या मागे रांगेत उभं होतं आणि मला एकही शब्द आठवेना. मी तशीच पोर... पोर... करत राहिले.

त्यांनी मला शेवटपर्यंत जाऊ दिलं नाही. माझे पिठाचे हात धरले. त्यांनीही काहीतरी पाठ करून आणलं होतं, कारण बोलायच्या आधी त्यांनी आमच्या लेकीकडे एकदा बघून घेतलं. मग अगदी सावकाश, एकेक अक्षर चमच्याने वाढावं तसं, म्हणाल्या, ‘‘मी... तुमच्याशी... खूप... खूष... आहे.’’

तुमच्याशी खूष! त्यांचा कॉन तसाच्या तसा उचलून त्यांनी मराठीत आणून ठेवला होता. दाराशी उभी असलेली लेक म्हणाली, ‘‘आई, ‘तुमच्यावर’ असं सांग ना त्यांना. मी शिकवलं होतं, विसरल्या वाटतं.’’

‘‘राहू दे,’’ मी म्हटलं, ‘‘तवा तापलाय.’’ आणि पहिली पोळी टाकली. तिला पातळ तूप सोडून त्यांच्याच ताटात वाढली.